श्रूजबरीची ग्रोप लेन आणि इंग्लंडातली 'तसली' गल्लीनावं

झोळणेवाला

मंडळी, एक शंका. इंग्लंडात श्रूजबरी गावात हाय स्ट्रीट आणि फिश स्ट्रीट यांना जोडणारा 'ग्रोप लेन' नावाचा बोळ आहे. जुनी लाकडी घरं, वरचे मजले एकमेकांच्या अंगावर आलेले. गाइड म्हणाला, पूर्वी दिवे नव्हते, लोक भिंती चाचपडत जायचे, म्हणून ग्रोप लेन. आमच्या घोळक्यातल्या एक इंग्रज आजीबाई फिसकन हसल्या आणि "चाचपणं खरं, पण भिंती नव्हेत" असं पुटपुटल्या. गाइडने लगेच पुढच्या चर्चकडे मोर्चा वळवला.

आजीबाई खऱ्या की गाइड? आणि आजीबाई खऱ्या असतील, तर गावाने असलं नाव खपवून कसं घेतलं? पाटी रंगवणाऱ्याला तरी काही वाटलं असेल की नाही?

अर्धाकप

आजीबाईंचा पत्ता घेऊन ठेवायचा होतात.

बोरू

आजीबाई खऱ्या. नाव पूर्वी लांब होतं, आता शेपूट तोडून ठेवलंय. पूर्ण नाव ग्रोपकंट लेन. पहिला भाग चाचपणे, दुसरा भाग म्हणजे स्त्रीच्या गुह्यांगाचा तो चार अक्षरी इंग्रजी शब्द, जो आजही बीबीसीवर कुणाच्या तोंडून निघाला तर दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागते. श्रूजबरीत १५६१ पर्यंत हे नाव कागदावर सापडतं.

आणि ही एकट्या श्रूजबरीची गोष्ट नाही. लंडन, ऑक्सफर्ड, यॉर्क, ब्रिस्टॉल, नॉर्थॅम्प्टन, वेल्स (गाव, देश नव्हे), नॉरिच, बॅनबरी, सगळीकडे याच नावाची गल्ली होती. एसेक्समध्ये स्टेबिंग नावाचं खेडं आहे, तिथेही १३२५ च्या सुमारास एक सापडते. ऑक्सफर्डची नोंद साधारण १२३० ची, आणि गंमत म्हणजे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात त्या शब्दाचा सर्वांत जुना दाखला म्हणून हीच गल्ली दिलेली आहे. म्हणजे तो शब्द इंग्रजीत पहिल्यांदा लिहिलेला मिळतो तो शिवी म्हणून नव्हे, पत्ता म्हणून.

पाटीबद्दल: पाटी नव्हतीच! इंग्लंडातल्या शहरांत भिंतींवर रस्त्यांच्या पाट्या सर्रास लागायला अठरावं शतक उजाडलं. तेराव्या शतकात रस्त्याला नाव कुणी 'देत' नसे. लोक ज्या नावाने रस्ता सांगत, तेच खरेदीखतात उतरे. मासे मिळतात ती फिश स्ट्रीट, पाव मिळतो ती ब्रेड स्ट्रीट, आणि हे मिळतं ती ही.

खवचट काकू

म्हणजे इंग्रजांची दाणे आळी, बोहरी आळी आणि...

अर्धाकप

काकू, तिथेच थांबा. 😂

पळीपंचपात्र

असले विषय मराठी संस्थळावर चघळायची खरंच गरज आहे का? लेकीसुना वाचतात इथे.

निर्मला_ब

मी लेक पण आहे आणि सून पण. वाचतेय. बोरू, पुढचं टाका.

गस्त (संपादक मंडळ)

शब्द ऐतिहासिक कागदपत्रांतला असल्याने ठेवला आहे. चर्चा त्याच अंगाने ठेवावी. स्मायलींचा सडा घालू नये.

वेल्श_वेशीवर

अहो, मी श्रूजबरीतच राहते! इथल्या इस्पितळात आठेक वर्षं आहे. ग्रोप लेनमधून आठवड्यातून एकदा तरी जाणं होतं. पाटी अगदी ठसठशीत आहे आणि तिच्याखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांत मुलींचे घोळके जास्त. इथल्या माणसांना खरं कारण माहीत आहे, ते फक्त पाहुण्यांना अंधाराची गोष्ट सांगतात.

अंधाराची गोष्टही आजची नाही म्हणा. १७७९ मध्ये टॉमस फिलिप्सने या गावाचा इतिहास लिहिला, त्यात बोळाचं नाव अनाचारावरून पडलं असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. एकोणतीस वर्षांनी, १८०८ मध्ये, ह्यू ओवेन नावाच्या पाद्रीसाहेबांनी दुसरा इतिहास लिहिला आणि तिथे ती झाली 'ग्रोप किंवा डार्क लेन'. तुमच्या गाइडने पाद्रीसाहेबांचं पुस्तक वाचलं असणार.

अवांतर: या बोळापासून दोन मिनिटांवर चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. तो या गावाचा खासदार होता, महापौरही. २०२० मध्ये पुतळा हटवायची मागणी झाली, पण कौन्सिलने ठेवला. विजयदुर्गची लेक आहे मी, त्याच्या पायाशी उभी राहून सँडविच खाते.

सिंधुदुर्गी

ताई!! १७५६ मध्ये वॉटसनचं आरमार विजयदुर्गावर चालून आलं तेव्हा हाच क्लाइव्ह सोबत होता. तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं मेल्यांनी. सँडविच सांडा त्याच्या बुटावर.

मुद्देसूद

आणि पेशवे त्या मोहिमेत कुणाच्या बाजूने होते हेही लिहा की. आपलंच आरमार आपणच...

गस्त (संपादक मंडळ)

आंग्रे-पेशवे वादासाठी आधीच तीन धागे आहेत, त्यांतले दोन आम्हाला कुलूपबंद करावे लागले. कृपया गल्लीत परत या.

रेघोटी

बोरू यांच्या "मासे मिळतात ती फिश स्ट्रीट" या मांडणीबद्दल थोडी शंका. सरसकट इतकं निरागस होतं का ते? नॉरिचमधल्या अशाच गल्लीला लॅटिन कागदांत 'तुर्पिस विकुस' म्हटलेलं आहे, म्हणजे लाजिरवाणी गल्ली. कारकुनाला लाज वाटत होती, म्हणूनच तो इंग्रजी शब्द टाळून लॅटिनच्या आड लपला ना? मला ही नावं टोमणा वाटतात. शेजारपाजारच्यांनी नाक मुरडून ठेवलेली.

त्यात 'मध्ययुगीन माणूस मोकळाढाकळा होता, व्हिक्टोरियन लोकांनी सगळं बिघडवलं' ही गोष्ट आपल्याला ऐकायला फार आवडते. म्हणून जरा जपून.

बोरू

रेघोटी, नॉरिचचा मुद्दा चोख आहे. पण दुसऱ्या बाजूचा कागद बघा. ही नावं भिंतीवर खरडलेली नाहीत. घरांच्या खरेदीखतांत, भाड्याच्या नोंदींत आहेत. घर विकणारा आपल्याच घराचा पत्ता टोमणा मारून लिहील का? पलीकडचा घेणारा भाव पाडेल! बाकी दस्तऐवज गंभीर लॅटिनमध्ये आणि मध्येच हे इंग्रजी नाव, साक्षीदारांच्या नावांसकट, शिक्क्यासकट. अमुक चर्चच्या पूर्वेस, तमुक गल्लीच्या उत्तरेस, इतक्या निर्विकारपणे.

शिवाय तो शब्द तेव्हा आजच्याइतका जळजळीत नव्हता. लॅनफ्रँक नावाच्या मिलानच्या शल्यवैद्याचा ग्रंथ १४०० च्या सुमारास इंग्रजीत आला, त्यात शरीराच्या अवयवासाठी हाच शब्द सरळ वापरलाय. आणि लोकांची नावं! ११६७ मध्ये सायमन सिटबायदकंट, १२१९ मध्ये गुनोका कंटल्स, १२४६ मध्ये जॉन फिलकंट. करवसुलीच्या नि कोर्टाच्या कागदांत आहेत हे सगळे. १३१० च्या चेस्टरच्या कोर्टात तर रॉजर फकबायदनेव्हल ('नेव्हल' म्हणजे बेंबी) नावाचा इसम हजर न राहिल्याबद्दल पुकारला गेलाय.

अर्धाकप

बेंबीपाशी?? बिचाऱ्याला कुणी समजावून सांगितलं नसेल. हजर कुठल्या तोंडाने राहणार.

रेघोटी

बरोबर, पण रॉजरचं नाव हा टोमणाच आहे की! त्याने स्वतः ठेवलेलं नसणार. लोकांनी चिकटवलेलं टोपणनाव, आणि कारकुनाने जसंच्या तसं उतरवलेलं. कारकून निर्विकार होता यावरून गाव निर्विकार होतं असं होत नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवू.

खवचट काकू

रेघोटीशी सहमत. आमच्या माहेरच्या आडनावावरून मी शाळेत काय काय ऐकलंय ते इथे लिहिलं तर गस्तवाले माझं खातं उडवतील. सातबाऱ्यावर मात्र तलाठ्याने ते कधी न हसता लिहिलंय.

उत्तरेचा_वारा

यॉर्कहून लिहितोय. आमच्याकडे तीच गल्ली आता 'ग्रेप लेन' या नावाने नांदतेय. १३२९ च्या कागदात ग्रॅपकंट लेन. आज तिथे कॅफे आहेत, पर्यटकांना वाटतं द्राक्षांचा व्यापार चालत असेल. यॉर्कच्या थंडीत द्राक्षं! शेजारची गल्ली स्वाइनगेट. इथे 'गेट' म्हणजे फाटक नाही बरं, व्हायकिंग लोकांच्या भाषेत रस्ता.

मला या गल्लीबद्दल एकच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते: ती कुठे आहे. मिन्स्टर, म्हणजे आमचं प्रचंड कॅथीड्रल, तिथून चालत पाच मिनिटं. बाजारही तेवढाच जवळ. आपल्याला वाटतं असली वस्ती गावकुसाबाहेर, तटाबाहेर असेल. ही तर गावाच्या पोटात.

बोरू

हाच तर या विषयातला कळीचा मुद्दा. रिचर्ड होल्ट आणि नायजेल बेकर या दोघा अभ्यासकांनी या गल्ल्या नकाशावर मांडून पाहिल्या, तर बहुतेक सगळ्या मुख्य बाजाराला खेटून निघाल्या. कडेला ढकललेल्या नव्हेत. बाजाराला कोण येतं? आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, फिरते व्यापारी, गाडीवान, खलाशी, परगावचे पाद्री. ज्यांना गाव माहीत नाही अशी माणसं. त्यांना खुणेचं नाव लागतं. घाऊक बाजारातून बाहेर पडून विचारलं की कुणीही बोट दाखवावं असं.

लंडनमध्ये बघा. चीपसाइड हा शहराचा सर्वांत मोठा बाजार. त्याला लागून सोपर लेन, आणि तिच्या बाजूलाच लंडनची ग्रोपकंट लेन, १२७० च्या दशकापासून कागदांत. शेजारी 'बोर्डहॉ' नावाची दुसरी गल्ली, त्याचाही अर्थ वेश्यागृहच. आजचं बँक स्टेशन तिथून चालत दोन-तीन मिनिटं. सूटबूट घालून जाणाऱ्या लोकांच्या बुटांखाली आहे सगळं.

निर्मला_ब

सोपर लेनवरून आठवलं. डिसेंबर १३९४ मध्ये तिथेच एका दुकानाच्या मांडवात दोघं रात्री पकडले गेले होते. एक यॉर्कशरचा जॉन ब्रिटबी. दुसरी व्यक्ती बायकांच्या कपड्यात, नाव सांगितलं एलिनर. महापौरापुढे उभं केल्यावर कळलं की ती जॉन रायकनर. जबानीत सगळं सांगितलंय: ऑक्सफर्डमध्ये भरतकाम करणारी बाई म्हणून राहिले, तिथले विद्यार्थी यायचे, पाद्री जास्त पसंत कारण ते पैसे जास्त देतात. लंडन शहराच्या दफ्तरात ती जबानी आजही आहे.

ऑक्सफर्डची गल्ली कुठे होती तर ओरिएल कॉलेजच्या भिंतीला लागून. आता तिचं नाव मॅगपाय लेन. विद्यार्थ्यांची सोय म्हणायची.

पळीपंचपात्र

पाद्री जास्त पैसे देतात हे वाचून मात्र हसू आलं. असो. धागा वाचतोय, प्रतिसाद देणार नव्हतो.

अर्धाकप

काका आलेऽऽऽ

झोळणेवाला

बाप रे, एवढा माल निघेल असं वाटलं नव्हतं. मग बदललं कसं? प्युरिटन लोक, म्हणजे ते कडक सोवळे ख्रिस्ती, आले आणि साफसफाई झाली असं कुठेतरी वाचलं होतं.

बोरू

प्युरिटनांवर सगळं ढकलायची सवय आहे खरी. पण बॅनबरीचं उदाहरण घ्या. १३३३ मध्ये तिथे ग्रोपकंट लेन, आणि १४१० पर्यंत तिचं नाव काय झालं? पार्सन्स लेन. पाद्र्याची गल्ली! प्युरिटन जन्माला यायला अजून दीडेकशे वर्षं होती. पुढे बॅनबरी प्युरिटनांसाठी बदनाम झालं, पण तोवर झाडून ठेवलेलं होतं.

बाकी ठिकाणी पद्धत वेगवेगळी. काहींनी एखाददुसरं अक्षर फिरवलं: ग्रोपची ग्रेप, ग्रोपची ग्रोव्ह. वेल्समध्ये ग्रोव्ह लेन आणि मग थेट युनियन स्ट्रीट. ब्रिस्टॉलने नाव हॅलियर्स लेन केलं, नंतर आरमाराचा नायक बसवला, नेल्सन स्ट्रीट. नॉरिचची लाजिरवाणी गल्ली आता ओपी स्ट्रीट, अमेलिया ओपी या लेखिकेच्या नावाने, जी गुलामगिरीविरुद्ध लढली आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर पूर्ण लांबीचं नाव नव्याने वापरात दिसत नाही. तोवर तो शब्द छापता येणार नाही असा झाला होता.

रेघोटी

बॅनबरी माझ्याच बाजूने जातं, बघा. ७७ वर्षांत नाव बदललं, म्हणजे चौदाव्या शतकातही कुणाला तरी ते खुपत होतं. निदान पाद्र्याला, जर तो तिथे राहायला गेला असेल तर.

बोरू

किंवा गल्लीतला धंदा उठून दुसरीकडे गेला असेल आणि मग पाद्री आला असेल. मासेबाजार हलला की फिश स्ट्रीटचंही नाव बदलू शकतं. पण तुमचा अर्धा मुद्दा घेतो. सगळ्या गावांना एकच नियम लावता येणार नाही.

तिरफळ

मला आपलं खाण्यातलं कळतं. पुडिंग लेन कुणाला गोड वाटत असेल तर सांगते: तिथल्या 'पुडिंग' म्हणजे जनावरांची आतडी-कोथळे. ईस्टचीपच्या खाटकांकडून ती घाण त्या गल्लीने खाली थेम्सवरच्या उकिरड्याच्या होड्यांकडे नेत. त्याच गल्लीत टॉमस फॅरिनरच्या बेकरीत १६६६ ची मोठी आग लागली.

अश्लील नाही, पण घाणेरड्यात बसेल ना?

वेल्श_वेशीवर

बसेल की! घाणेरड्यात शेरबोर्न लेनही बसवा. लंडनचीच.

बोरू

शेरबोर्न लेनची गोष्ट तर मला सगळ्यांत आवडते. १५९८ मध्ये जॉन स्टो या म्हाताऱ्याने (पेशाने शिंपी होता) लंडनची गल्ली न गल्ली फिरून वर्णन छापलं. इतिहासकारांचा तो आजही आधार. शेरबोर्न लेनपाशी आल्यावर त्याने लिहिलं की इथे पूर्वी एक ओढा होता, त्याचे इथे लहान लहान वाटे पडले, ते 'शेअर', म्हणून शेअर-बोर्न. मोठं सुंदर. फक्त ओढा नव्हता. एकवॉल नावाच्या स्वीडिश विद्वानाने १९५४ मध्ये जुने कागद काढले तर १२७२-७३ च्या नोंदीत गल्लीचं नाव 'शिटेबर्व लेन'. म्हणजे संडासाची गल्ली, सार्वजनिक सोय तिथे असणार. स्टोने संडासावरून नदी सोडली.

पण म्हणून स्टो सोवळा होता असं नाही. लव्ह लेनबद्दल त्याने स्वच्छ लिहिलंय, बदफैली बायकांवरून नाव पडलं म्हणून.

उत्तरेचा_वारा

लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये पासिंग ॲली आहे, ती पूर्वी पिसिंग ॲली होती. एका स्वराने इज्जत वाचवली. आणि लंडनमध्ये पाण्याच्या एका हौदाला 'पिसिंग कंड्युट' म्हणत, धार बारीक होती म्हणून. शेक्सपिअरच्या 'सहाव्या हेन्री'त बंडखोर जॅक केड फर्मान काढतो की माझ्या राज्याच्या पहिल्या वर्षी त्यातून नुसती क्लॅरेट दारू वाहील.

अर्धाकप

असा नगरसेवक आमच्या वॉर्डात हवा.

मुद्देसूद

सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. यॉर्कच्या 'व्हिपमाव्हॉपमागेट'मध्ये गुन्हेगारांना चाबकाने फोडत म्हणून ते नाव, असं पुष्कळ जण सांगतात. १५०५ मध्ये नाव वेगळंच आहे, व्हिटनॉरव्हॉटनॉरगेट. म्हणजे साधारण "हा काय रस्ता झाला?" असा. शहरातली सर्वांत आखूड गल्ली आहे ती, थट्टा त्यावरूनच. आणि यॉर्कशरमध्ये कोनिसब्रोला 'बटहोल रोड' होता, तिथल्या चार घरांतले लोक पाटीपाशी येऊन पँट खाली करून फोटो काढणाऱ्यांना इतके कंटाळले की २००९ मध्ये वर्गणी काढून नाव 'आर्चर्स वे' करून घेतलं. तिथे काहीही चावट नव्हतं मूळात. चावटपणा वाचणाऱ्याच्या डोक्यात.

निर्मला_ब

उलटं उदाहरण कॅसलफर्डचं. तिथल्या रेल्वेखालच्या बोगद्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या 'टिकल कॉक ब्रिज' म्हणत (कॉक म्हणजे कोंबडा, आणि पुरुषाचं ते अंगही). २००८ मध्ये नवा बोगदा बांधल्यावर कौन्सिलने पाटीवर 'टिटल कॉट' असं सभ्य करून लिहिलं. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीच आवाज उठवला आणि जुनं नाव परत आणलं!

खवचट काकू

जिंकल्या आज्या.

सिंधुदुर्गी

आपल्याकडेही पुण्याची बावनखणी होती की, कलावंतिणींची वस्ती. पेशवाईत...

गस्त (संपादक मंडळ)

पेशवाई नको.

सिंधुदुर्गी

एकच ओळ! बावनखणी हा शब्द जागेवरून निघून भाषेत गेला, ग्रोपकंट भाषेतून निघून जागेवर गेला. संपलं. मुंबईची सफेद गल्ली पण राहू द्या मग. सरकारदरबारी सुखलाजी स्ट्रीट, गोऱ्या बायका असायच्या म्हणून लोकांच्या तोंडी सफेद गल्ली. पाटी एक, तोंड एक.

रेघोटी

सिंधुदुर्गींची शेवटची ओळ कामाची आहे. मुंबईत पाट्या आल्यानंतर लोकांचं नाव पाटीवर चढलंच नाही. तेराव्या शतकात पाटीच नसल्याने लोकांचं नाव थेट दप्तरात गेलं. मी टोमण्याचा मुद्दा सोडत नाही, पण बोरूंचं निर्विकार दप्तर यातून जास्त पटतं.

आणि एक राहिलं. लंडनमध्ये थेम्स नदीपलीकडच्या साउथवर्कबद्दल कुणीच लिहिलं नाही? तिथे तर धंदा नुसता खपवून घेतलेला नव्हता, नियमांत बसवलेला होता. जमीन विंचेस्टरच्या बिशपची! न्हाणीघरांवरून त्या घरांना 'स्ट्यूज' म्हणत. नियम लेखी: बाईला तिच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं नाही, गिऱ्हाईकाचा अंगरखा धरून ओढायचा नाही, सणवारी बंद. स्टोने घरांच्या पाट्यांची यादी दिलीय, नदीकडच्या भिंतींवर रंगवलेल्या. बोअर्स हेड, क्रेन, स्वान आणि कार्डिनल्स हॅट. त्या शेवटच्या नावाचा बोळ, कार्डिनल कॅप ॲली, ग्लोब थिएटरला लागून अजून आहे. १५४६ मध्ये आठव्या हेन्रीने तुतारी फुंकून दवंडी पिटवली आणि सगळं बंद केलं. हेन्रीने. ज्याच्या सहा बायका.

पळीपंचपात्र

बिशपाची जमीन, लेखी नियम आणि सणवारी सुट्टी. आमच्या सोसायटीला एवढे नियम पाळता येत नाहीत.

अर्धाकप

काका सगळ्यांच्या वरताण निघाले.

झोळणेवाला

मूळ प्रश्नाचं उत्तर असं समजू का: श्रूजबरीत १५६१ पर्यंत पूर्ण नाव होतं, १७७९ पर्यंत निदान अर्थ उघड माहीत होता, १८०८ मध्ये अंधार पडला, आणि गाइड अजून त्याच अंधारात आहे?

वेल्श_वेशीवर

होय. त्यात गाइडची बाजू घेऊन एक सांगते. उन्हाळ्यात शाळांच्या सहली येतात, दहा-अकरा वर्षांची पोरं. त्यांच्यापुढे तो बिचारा काय सांगणार. व्हिटबीलाही ग्रेप लेन आहे, तिथे जॉन वॉकरच्या घरी कॅप्टन कुक उमेदवारी करत होता. आज त्या घरात कुकचं संग्रहालय आहे, आणि तिथेही लोक अंधारात चाचपडण्याचीच गोष्ट सांगतात. रात्री मी स्वतः ग्रोप लेनने गेलेय, दिवे असूनही भिंतीला हात लागतोच.

मुद्देसूद

कॉक लेन राहिली. लंडनमधली, स्मिथफील्डजवळची. कोंबड्यांची की त्याची?

बोरू

१३९३ मध्ये लंडनच्या कारभाऱ्यांनी हुकूम काढला की या बायकांनी नदीपलीकडच्या स्ट्यूजमध्ये नाहीतर कॉक लेनमध्येच राहावं, इतरत्र दिसल्या तर अंगावरचा झगा आणि टोपरं जप्त. त्यामुळे धंदा तिथे होता हे पक्कं. पण नाव त्यावरून आलं असं म्हणायला आधार लागतो. कोंबड्यांच्या झुंजी किंवा विक्री हेही तितकंच शक्य. मी यात कोंबड्याच्या बाजूने आहे. माणसाच्या अंगाने गेलेलं नाव पाहिजे तर ग्रोपकंट आहेच, तिथे शंकेला जागा नाही.

तिरफळ

कॉक लेनच्या कोपऱ्यावर पाय कॉर्नर ना? १६६६ ची आग तिथे विझली. तिथे सोनेरी गुबगुबीत पोराचा पुतळा आहे, आणि खाली लिहिलंय की आग खादाडपणाच्या पापामुळे लागली. पुडिंग लेनला सुरू झाली, पाय कॉर्नरला संपली, मग दुसरं काय कारण असणार! दारापुढे एवढी कॉक लेन असून दोष खाण्यावर ढकलला. आम्हा सुगरणींवर अन्याय आहे हा.

उत्तरेचा_वारा

त्याच कॉक लेनमध्ये १७६२ मध्ये भूत निघालं होतं. एका घरात रात्री भिंतीवर ठकठक आणि खरवडण्याचे आवाज. सगळं लंडन लोटलं, कोशकार डॉ. जॉन्सनसुद्धा तपासणीच्या मंडळात होते. शेवटी घरमालकाच्या मुलीकडून करवून घेतलेली लबाडी निघाली आणि मालक रिचर्ड पार्सन्सला चौकात खोड्यात उभं केलं. भूत म्हणे फॅनी नावाच्या मेलेल्या बाईचं. त्या भुताला पडलेलं नाव: 'स्क्रॅचिंग फॅनी ऑफ कॉक लेन'. (आजच्या इंग्रजांच्या बोलीत फॅनी म्हणजेही स्त्रीचं तेच अंग.)

अर्धाकप

गस्त, मी काहीही बोललेलो नाही. नोंद घ्यावी.

गस्त (संपादक मंडळ)

नोंद घेतली. आम्हीही वाचतोय.